रंग उतरला पाहिजे

"हालू नको गा, शालिकराम," मनकर्णा सातव्यांदा म्हणाली.

शालिकराम कुठला हालतोय! सकाळीच पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा चिमूटभर तुकडा काढलेला, कमरेखाली वाळूची पिशवी, आणि चोवीस तास उताणं पडून राहायचा हुकूम. दोन महिने त्याचं तोंड सुजत होतं, पाय सुजत होते. रोग कोणता, ते त्या तुकड्यावरून कळणार होतं. बावीस वर्षांचा एकुलता एक पोरगा समोर पडलेला आणि आईच्या हाताला काम नाही. पदर पिळण्याशिवाय करणार काय बिचारी?

एकच काम डॉक्टरांनी तिच्यावर सोपवलं होतं. "दरवेळची लघवी वेगळ्या बाटलीत घ्यायची, बाई. खिडकीत ओळीनं मांडून ठेवायची. आत रक्त वाहत असेल तर लघवी लाल होते. रंग उतरत गेला पाहिजे. नाही तर काही खरं नाही." बाटलीवर वेळ लिहायची असते म्हणे. पण वॉर्डात चाळीस खाटा आणि सिस्टर एकटी. मनकर्णाला तर अक्षर म्हणजे नुसती काळी मुंगी.

रंगातलं मात्र तिला विचारा! हातमागवाल्यांचं सूत रंगवण्यात तिचा जन्म गेला होता. झोपेतून उठवलं तरी लाल रंगाच्या नऊ छटा तिने घडाघडा सांगितल्या असत्या. महाल बाजारातले व्यापारी दांडीवर वाळणाऱ्या सुताच्या लडी बघून म्हणत, "लडी लावाव्या तर मनकर्णाबाईनंच." त्याच हातांनी तिने एकेक बाटली पदराने पुसून खिडकीत मांडली. पोरासाठी आज एवढंच तर करता येत होतं.

चार वाजता डॉक्टर आले ते घाईतच. खिडकीत पाच बाटल्या उन्हात चमकत होत्या. डावीकडे पहिली लालभडक, मग तांबूस, मग गुलाबी, मग पिवळट आणि शेवटची पाण्यासारखी.

"वा! छान उतरतोय की रंग."

"पण साहेब, त्याले घाम येऊन राहिला. कमरेत लय दुखते म्हणते."

"सुई टोचल्यावर दुखणारच, बाई."

"नाडी वाढलीय, सर," सिस्टर कौशल्या हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा खिडकीकडे पाहिलं. "घाबरलाय पोरगा. पाणी पाजत राहा." आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

मनकर्णाने पोराच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार, ओठ पांढरे. "माय, डोयापुढं अंधारी येऊन राहिली," तो पुटपुटला. डॉक्टरांना हाक मारायला ती अर्धवट उठली. पण एवढा शिकलेला माणूस स्वतः बघून गेला, छान म्हणून गेला. त्याच्यापुढे आपण कोण? "डॉक्टरनं पाह्यलं नं, बापू. होते बरं," ती म्हणाली आणि वाटीने पाणी पाजत राहिली. दुसरं तिच्या हातात होतं काय?

सहाच्या सुमाराला पुन्हा बाटली भरली. रंग गडद लाल, भट्टीवरच्या हंड्यात तिने कितीदा पाहिलेला. बाटली घेऊन ती खिडकीशी गेली. आधीच्या पाचही बाटल्या तिने हलक्या हाताने उजवीकडे सरकवल्या आणि नवी बाटली डाव्या टोकाला ठेवली.

नाडी बघायला आलेली कौशल्या जागीच थबकली. "मावशी, ही आत्ताची ना? मग पहिल्या जागी काहून ठेवली?"

"हेच सगळ्याइन गडद आहे नं, बाई. गडद आधी, फिकी मागून. लडी अशाच लावतेत."

"आणि सकाळची? सगळ्यात आधीची कोणती?"

मनकर्णाने उजव्या टोकाच्या, पाण्यासारख्या बाटलीवर बोट ठेवलं.

"डॉक्टर! डॉक्टर!" कौशल्या ओरडतच दाराकडे धावली. खाटेवर शालिकरामची मान एका बाजूला कलली होती.

मनकर्णा दोन पावलं तिच्यामागे गेली. "काय झालं जी, बाई? रंग उतरत गेला पाहिजे म्हणे नं डॉक्टर? म्या उतरताच लावला."