पाझीबाबांचा आंबा

“खोडलंस का?” सेफूने मोरोगोरोहून फोनवर विचारलं.

“खोडते,” रुकिया म्हणाली. बोट बटणावर होतं, पण हलत नव्हतं.

सेफू तिचा वरिष्ठ. कामाचा पक्का आणि नियमाच्या बाबतीत कडक. दार एस सलामच्या ओढ्याकाठची ही अख्खी वस्ती त्यानेच पोरापोरींना हाताशी धरून नकाशावर आणली होती. नकाशाचं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं. जगात कुठं कुठं बसलेल्या माणसांनी ते लिहून ठेवलेलं. कुणीही घ्यावं, आपल्याला हवं ते जोडावं. रुकियाला याचं फार अप्रूप होतं. ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत, त्या माणसांचे ती कॉम्प्युटर सुरू करताना रोज मनातल्या मनात आभार मानायची.

पण नकाशाचा नियम एकच. जमिनीवर जे आहे तेच दाखवायचं. आणि वस्तीतली माणसं पत्ता सांगायची तो नेमका नसलेल्या गोष्टींवरून. बंद पडलेल्या थिएटरमागे. वारलेल्या शिंप्याच्या बोळात. पाझीबाबांच्या आंब्याशी. तो आंबा तर तोडून, त्याची होडी होऊन, ती होडी समुद्रात बुडूनही वर्षं लोटली होती. रुकियाने तो पुन्हा पुन्हा नकाशावर टाकला आणि सेफूने पुन्हा पुन्हा पुसला. शेवटी तिने ते खुलं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्याला स्वतःचा एक थर जोडला, गेलेल्या खुणांचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारात बसून, चहा पिऊन पिऊन एकेक खूण गोळा केली. अडलेल्या बायकांना दवाखान्यात नेणाऱ्या बजाजीवाल्यांच्या, म्हणजे रिक्षावाल्यांच्या, फोनमध्ये तो थर चालायचा.

“अगं, त्या गल्लीत माझी सासुरवाडी आहे,” सेफू म्हणाला. “लग्न झाल्यापासून जातोय. आंब्याचं पानसुद्धा पाहिलं नाही मी. एखादा नवखा बजाजीवाला झाड शोधत बसला आणि इकडे बाईचं काही बरंवाईट झालं, तर पाप कुणाच्या माथी? आजच्या आज तो आंबा तुझ्या थरातून काढून टाक.”

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हीच तर अडचण होती. फोन ठेवून रुकियाने सुस्कारा सोडला. तेवढ्यात टेबलावरचा दुसरा फोन वाजला. बजाजी मागवण्यासाठी ठेवलेला.

“पोरगी अडलीय माझी! गाडी पाठव!” एक म्हातारी ओरडत होती.

“कुठं पाठवू, आजी?”

“कुठं म्हणजे? पाझीबाबांच्या आंब्याशी!”

फोन कट झाला. परत लावला तर लागेना. ओढ्याला सकाळपासून पाणी चढत होतं आणि अलीकडच्या काठाला एकट्या म्विताचीच गाडी होती. म्विता दूर मुसोमाकडचा, वस्तीत नुकताच आलेला. नेमका नवखा. रुकियाने त्यालाच धाडलं.

“आंबा म्हणालीस ना, ताई?” थोड्या वेळाने म्विता फोनवर ओरडला. “इथं तर सगळे पत्रेच पत्रे!”

“झाड बघू नकोस. ते नाहीये.”

“नाहीये? मग जाऊ कुठं, स्वर्गात?”

“फोनमध्ये आंबा टाक. टिंब दिसेल. त्या टिंबावर जाऊन थांब.”

मग नुसती बजाजीची फटफट ऐकू येत राहिली. रुकिया फोन कानाला लावून बसली होती.

“सापडली!” म्विता ओरडला. “गल्लीत मधोमध उभी राहून मला शिव्या घालतेय. म्हणते, एवढा मोठा आंबा दिसत नाही का रे, आंधळ्या!”

दवाखान्यात पोचल्यावर कळलं, बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. आणखी उशीर झाला असता तर दोघीही हातच्या गेल्या असत्या, असं नर्स म्हणाली. मुलगी झाली. म्विताने फोन उंच धरून तिचं रडणं ऐकवलं आणि रुकियालाही रडू फुटलं.

संध्याकाळी सेफूचा फोन आला. “खोडलंस का?” आवाज बसलेला होता.

“नाही, सेफूभाऊ. रागवा हवं तर.”

“ती फोन करणारी आजी माझी सासू होती, रुकिया. माझी साल्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलीय. असांते. असांते साना. कोणत्या तोंडाने तुझे आभार मानू?”

“माझे काय मानता? ज्यांनी ते सॉफ्टवेअर खुलं ठेवलं त्यांचे माना. त्यांनी कुलूप लावलं असतं, तर मी कशाला काय जोडणार होते?”

साल्मा हिंडूफिरू लागली तेव्हा सेफूने रुकियाला त्या गल्लीत बोलावलं. टिंब होतं त्या जागी एक जुना टायर मांडला होता आणि त्यात वीतभर उंचीचं आंब्याचं रोप. किनाऱ्यावरच्या रीतीप्रमाणे खाली बाळाची नाळ पुरलेली. सेफूची सासू झुहुराबिबी डब्याने पाणी घालत होती.

“मोठ्या नकाशावर टाकलाय मी सकाळीच,” सेफू म्हणाला. “नियम म्हणजे नियम. जमिनीवर आहे ते दाखवायचंच.”

“मोठा शोध लावला जावयाने!” झुहुराबिबी म्हणाली. “इथं आंबा आहे म्हणून मी केव्हाची सांगतेय.”

रुकिया हसली. मग तिने फोन काढला आणि गेलेल्या खुणांमधला पाझीबाबांचा आंबा स्वतःच्या हाताने खोडला.