फेस न पुसता

आठ वर्षांपूर्वी नौशेराच्या टेकडीवर तोफगोळे पडत होते. आज फणसवाडीत लीलाने चपलेचा तुटलेला अंगठा शिवून आणला. गुणाजीची काळाचौकीची गिरणी हरताळामुळे बंद होती.

म्हणून तर तो आज आपल्या जुन्या कॅप्टनसाहेबांच्या घरी आला होता. लढाईत तो त्यांचा ऑर्डर्ली. आल्या आल्या त्याने आवडती गोष्ट काढली. "गोळे पडतायत, नि साहेब खंदकाच्या काठावर बसून दाढी करतायत! आम्ही म्हटलं, साहेबांका दाढी करूक टाइम आसा, म्हणजे घाबरण्यासारखा काय नाय. मग फेस न पुसताच साहेब पुढे धावले, नि अख्खी कंपनी मागून!"

"आज ती गोष्ट नको, गुणाजीकाका," लीला म्हणाली. उद्याच्या मोर्चात ती पुढच्या रांगेत होती आणि मागच्या मोर्चावर गोळीबार झाला होता. "मी त्यांची मुलगी, आणि माझे हात बघा कसे कापतायत. येत नाही म्हणून कळवते."

आतून कॅप्टनसाहेब खोकले. "सांगून टाक रे तिला, गुणाजी. आठ वर्षं पोटात ठेवलंस, पुष्कळ झालं."

गुणाजी तिच्या कानाशी वाकला. लीला खुदकन हसली. मग तिने उद्यासाठी चपला दाराशी नीट लावून ठेवल्या.

खंदकावरच्या त्या सकाळी साहेबांच्या रेझरमध्ये ब्लेड नव्हतं. हात फार कापतायत म्हणून त्यांनीच गुणाजीला ते काढायला लावलं होतं.