यंदाचं चित्र

ताईंनी त्या माणसाला भिंतीला पाठ लावून उभं केलं, गेल्या वर्षीचं चित्र बरोबर त्याच्या डोक्याशेजारी येईल असं. मग चित्रकाराकडे वळल्या.

“भाऊ, तुम्हीच सांगा. हा माझा मुलगा आहे का?”

चित्रकार नुकताच जिना चढून आला होता, अजून धापा टाकत होता. फोनवर ताई एवढंच म्हणाल्या होत्या, “असाल तसे या.”

दिवाणखान्यात भिंतभर एकच मुलगा होता. पाच वर्षांचा असताना स्टेशनच्या गर्दीत ताईंच्या हातातून त्याचा हात सुटला, तो कायमचा. मागे उरला एक पुसट फोटो. त्या फोटोवरून चित्रकार दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला नवं चित्र काढून द्यायचा. आत्ता असेल तर असा दिसत असेल. पुढचे दात पडलेला, मग मुरुमांनी हैराण झालेला, मग मिसरूड फुटलेला, आणि आता चांगला बाप्या. नवरा गेल्यावर तर ताईंचा सगळा जीव या भिंतीत होता.

चित्रासाठी त्या दरवर्षी एक नवा शर्ट घ्यायच्या. “माप तुमच्या मुलाचंच सांगा, भाऊ. एकाच वयाचे ते. चित्र झालं की त्यालाच घालू दे. आणि घेऊन या हो त्याला एकदा.” चित्रकार म्हणायचा, “आणतो की.” ते राहूनच जायचं.

ताईंची नणंद त्यांच्यासोबतच राहायची. चित्रांवरची धूळ पुसायचं काम तिच्याकडे. “घरात बायका दोन आणि पोरगा भिंतभर,” ती कुरकुरायची. “पुसून पुसून माझे हात मोडले, एक तरी उठून पाणी आणून देतो का मला?” आज मात्र ती स्वयंपाकघराच्या दारात फडकं तोंडाशी धरून गप्प उभी होती.

तो माणूस मालाच्या गाडीवर ड्रायव्हर होता. अनाथाश्रमात वाढलेला. चपला बाहेर काढून आला होता आणि हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

“पेपरात तुमची बातमी होती,” तो म्हणाला. “चित्रंही छापली होती. ती काही ओळखीची वाटली नाहीत. तुमचा फोटो मात्र बघताक्षणी ओळखीचा वाटला.”

“आणखी काय आठवतं तुला?” ताईंनी विचारलं.

“कानाची पाळी धरून झोपायचो मी. तुमच्या.”

ताईंचा हात कानाकडे गेला. मग त्यांनी तो झटकन खाली घेतला. “हेही मी पेपरवाल्यांना सांगितलं होतं. याआधी जे आले, त्या सगळ्यांना हेच आठवत होतं.”

“वहिनी, अगं डोळे बघ,” नणंदेला राहवेना. “अगदी दादाचे आहेत गं!”

“मग चित्रात का नाहीत तसे?”

“रक्ताची तपासणी करू या,” तो माणूस म्हणाला. “माझी काही हरकत नाही.”

“माझा मुलगा ओळखायला मला दवाखाना लागतो का?” ताईंचा आवाज चिरकला. “रोज बघते मी त्याला! भाऊ, त्याचा चेहरा माझ्यापेक्षा तुमच्या हाताला जास्त ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल ते खरं. बोला ना.”

चित्रकार पुढे झाला. त्याने त्या माणसाचं कपाळ पाहिलं, कान पाहिले, हनुवटी पाहिली. शेजारचं चित्र पाहिलं. सगळे त्याच्याकडे डोळे लावून उभे होते.

“नाही,” तो म्हणाला. “हा तो नाही.”

माणसाने मान हलवली. भांडला नाही, काही मागितलं नाही. दारात पायात चपला सरकवताना “येतो, आई” म्हणाला, मग जीभ चावून “बाई” म्हणाला, आणि जिना उतरून गेला. नणंद खिडकीकडे धावली आणि तो दिसेनासा होईपर्यंत तिथेच राहिली.

ताई मटकन खाली बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या.

“फार वाटलं हो भाऊ, हाच आहे म्हणून. मन नुसतं ओढ घेत होतं. तुमची चित्रं नसती तर मी फसलेच असते.”

ताईंनी डोळे पुसले, कपाटातून यंदाचा शर्ट काढला आणि चित्रकाराच्या हातात दिला. “यंदा जरा हसरा काढा,” त्या म्हणाल्या. “मी वाट बघतेय म्हणावं.”

तो घरी पोचला तेव्हा त्याचा मुलगा कामावरून आला होता. बापाच्या हातातली पिशवी बघून त्याने उसासा टाकला, स्टूल खिडकीपाशी ओढलं आणि सवयीने मान उजवीकडे वळवून बसला.

“लवकर उरका हं, बाबा,” तो म्हणाला. “पाच वर्षांचा होतो तेव्हापासून त्या बाईंचा मुलगा होऊन बसतोय मी.”