दोन बोटांची वाढ

सोसायटीच्या फाटकापाशी त्र्यंबकराव आपल्या बकुळीला पाठ टेकून ताठ उभे राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिच्या आणि शेजारच्या गुप्त्यांच्या सोनमोहराच्या खोडावर, आपल्या डोक्याच्या उंचीला, एकेक खिळा मारून ठेवला होता. आज खिळा डोक्याच्या दोन बोटं वर होता.

“वाढली की!” ते लगबगीनं सोनमोहराकडे गेले. तिथेही दोनच बोटं. गुप्ते पुढे गेले नाहीत म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला.

“शेणखतानं गाठलं बघ गुप्त्यांना!” त्यांनी गॅलरीतल्या बायकोला सांगितलं.

“अहो, झाड शेंड्याला वाढतं. खिळा जागचा हलत नाही.”

“तुला काय कळतंय!” म्हणत ते फाटकाच्या खांबाला टेकले. खांबावरची पाटी पूर्वी त्यांच्या टाळूला लागायची. आज तीही दोन बोटं वर होती.

खांबाला त्यांनी कधी शेणखत घातलं नव्हतं.