दिवस बुडेपर्यंत

"लागला!" चंपतराव झुडपातून ओरडले. "रगत हाय, जवाईबापू. चितळ तीर घेऊन पळालं."

गिरिधरच्या हातातला कमठा खाली आला. नेम साफ हुकला असंच त्याला वाटलं होतं, आणि हुकला असता तर फार बरं झालं असतं. चंपतरावांच्या टोळीत नेम हुकणाऱ्याला सगळे मनसोक्त हसत आणि विषय तिथेच संपे. पण रक्त सांडलं, की सांडणाऱ्याने जनावर सापडेपर्यंत, नाहीतर दिवस बुडेपर्यंत, रान सोडायचं नाही. पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. सकाळी उमरेडच्या वेशीवर कमठ्याला हळद लावताना सगळ्यांबरोबर त्यानेही शपथ घेतली होती. तेव्हा ती गंमत वाटली होती.

"मामाजी, मले दुपारची गाडी पकडाची होती," तो म्हणाला. "नागपूरले वच्छला एकटी हाय."

"माहीच पोरगी हाय ते. मले काळजी नाही का?" चंपतरावांनी वाळक्या पानावरचा लाल थेंब दाखवला. "पर जखमी जनावर टाकून कसं जाता?"

बाकीचे लोक नाल्याकडे निघून गेले होते. सासरे पुढे आणि जावई मागे, असे दोघंच माग काढू लागले.

चंपतराव उमरेडचे विणकर. इंग्रज गेले तरी बंदुकीचं लायसन बड्या लोकांच्याच घरी, त्यामुळे ही मंडळी अजून तीरकमठ्यावर हौस भागवत. गिरिधर नागपूरच्या महाल भागातल्या सुताच्या पेढीवर कारकून. शिकारीचं आमंत्रण सासऱ्यांनी स्वतः येऊन दिलं, तेव्हा त्याला आपला मान राखल्यासारखं वाटलं होतं. एरवीही त्याला या माणसाबद्दल आदर होता. वच्छला दोनदा रुसून माहेरी आली, आणि दोन्ही वेळा पंचांच्या शब्दाखातर चंपतरावांनीच तिला महालात परत आणून सोडलं. असा समजूतदार सासरा सगळ्यांना मिळत नाही.

चैत्रातलं ऊन डोक्यावर आलं. गिरिधरचा सदरा करवंदीच्या जाळीत अडकून फाटला. चंपतराव थोडं चालत, वाकत, म्हणत, "हे पाहा, इकडून गेलं." त्यांच्या तळहाताला फडक्याची पट्टी होती. काटा रुतला, म्हणाले.

गिरिधरने एका थेंबाला बोट लावलं. "एवढ्या उन्हात अजून ओलंच?"

"म्हंजे जवळच हाय."

तो पुन्हा पुन्हा कमरेला हात लावत होता. चंपतरावांनी ते पाहिलं. "काय चाचपून राहिले?"

"चावी. बाहेरून कुलूप लावून आलो. जमाना खराब हाय."

"आतून कडी नाही का?"

"तिले एका हातानं लागत नाही. प्लास्टर हाय ना."

"पायरीवरून पडली म्हणता."

"हो. सांगतलं होतं ना तुमाले."

"सांगतलं. दिवाळीले विहिरीपाशी पडली होती."

"धांदरट हाय थोडी," गिरिधर मायेने हसला. मग त्याला आठवलं. "सासूबाई सकाळी दिसल्या नाहीत?"

"नागपूरले गेली. नातलगाकडं जेवण हाय."

दुपारच्या गाडीची शिट्टी झाडांपलीकडून आली आणि लांब गेली. गिरिधरने चावी पुन्हा चाचपली. पत्र्याचं घर तापलं असेल. माठ भरून ठेवला होता का? त्याला आठवेना. "मी जातो, मामाजी!"

"जा. रस्ता माहीत हाय का?"

तो गर्रकन वळला. चारही बाजूंना पानं गळालेले साग, सगळे एकसारखे. वाट सापडली असती तरी शपथ मोडणारा जावई म्हणून उमरेडभर बोभाटा झाला असता, आणि उमरेडची बातमी महालात पोचायला वेळ लागत नाही. घशाला कोरड पडली होती. तो मटकन खाली बसला. आपण इथे पुरते अडकलो, हे त्याला कळून चुकलं, आणि त्याला रडू येईल असं वाटलं.

"एका चितळासाठी एवढं काहून, मामाजी? मरन नाहीतर जगन ते!"

चंपतराव त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"म्यां दोनदा सोडलं, जवाईबापू," मग ते म्हणाले. "जखमी हाय हे डोळ्यानं दिसत होतं. चार लोकांचं आयकलं आन् सोडून आलो. तवापासून मले झोप नाही. आता तिसऱ्यांदा नाही." त्यांनी हात पुढे केला. "उठा."

गिरिधर उठला. या म्हाताऱ्याचं काळीज एखाद्या जनावरासाठी इतकं तुटतं, याचं त्याला नवल वाटलं.

ऊन तिरपं झालं, मग तांबूस. झाडी विरळ होत गेली. समोर मोहाचं एक मोठं झाड आलं आणि त्यामागे छोट्या रेल्वेचा रूळ. गिरिधर थबकला.

"हे तर सकाळचंच झाड! इथूनच मी तीर सोडला!"

"हो."

चंपतराव झाडामागच्या वारुळाजवळ गेले. वारुळात एक तीर रुतला होता, गिरिधरचा. त्यांनी तो ओढून त्याच्या हातात दिला. टोकाला माती होती. फक्त माती.

"मग रगत?"

चंपतराव तळहातावरची पट्टी सोडू लागले.

नागपूरकडून शिट्टी ऐकू आली. संध्याकाळची छोटी गाडी चढावर धापा टाकत आली. चंपतराव धावत रुळाच्या बांधावर चढले आणि त्यांनी कापलेला हात उंच केला.

शेवटच्या डब्याच्या खिडकीतून प्लास्टर घातलेला एक हात बाहेर आला.