बिनवासाचा साबण

एका खोलीच्या घरात समीक्षाने तान्ह्या बाळासाठी साबण, तेल, पावडर, सगळं पारखून बिनवासाचं आणलं. नवऱ्याला, हृतिकलाही ताकीद होती. महाडच्या औद्योगिक वसाहतीतून आल्यावर आधी आंघोळ, मगच बाळाला हात. कामाचा शर्ट मात्र त्याच खोलीत खुंटीला.

कुडपणहून आलेल्या सासूबाईंनी साबण नाकाशी धरला. "ह्याला वासच नाय गो. साबण हाय का खडू?"

"आई, बाळाला कसलाच वास नको."

बाळ मात्र न्हाऊन निघालं की रडत राही, दोघींनाही आवरेना. त्या संध्याकाळी हृतिकला ते रडणं ऐकवेना. त्याने औषध कंपनीच्या उग्र वासाच्या शर्टानिशीच बाळाला खांद्यावर घेतलं. खोलीतला ओळखीचा वास नाकाशी येताच ते झोपलं.

 

समीक्षा हळूच म्हणाली, "अहो, आंघोळीला उठू नका. आणि उद्याही हाच शर्ट घाला."