पुस्तकातलं वाक्य

"हे वाक्य तुमचंच ना, मॅडम?"

सरकारी वकिलाने पुस्तक प्राध्यापिकाबाईंच्या अगदी नाकासमोर धरलं. वाक्य त्यांचंच होतं. 'डोंगराळ भागातून सीमा ओलांडून आलेले बहुतेक लोक वंशद्वेषाला भिऊन नव्हे, तर कामाच्या शोधात आले.' याच पुस्तकाने बाईंना विभागप्रमुख केलं होतं. दोन्ही देशांची सरकारं वाटाघाटींना बसली की ते हमखास टेबलावर असायचं.

आज मात्र बाई त्याच डोंगरातल्या एका सुताराच्या बाजूने साक्ष द्यायला आल्या होत्या. वेगळ्या वंशाचा म्हणून तिकडे त्याचं घर जाळलं होतं. न्यायाधीशांना हे पटलं तर तो इथे राहणार, नाहीतर उद्याच्या विमानाने परत रवाना. मागच्या बाकावर त्याची बायको अंग चोरून बसली होती.

"एकतर तेव्हा पुस्तकात थाप मारलीत, नाहीतर आज इथे मारताय. काय ते एकदा सांगून टाका." वकील मजेत होता. आयतं सावज मिळालं होतं ना!

जन्मभराच्या कामावर पाणी सोडायचं म्हणजे काही चेष्टा नव्हती.

"पुस्तक चुकलं," त्या म्हणाल्या. "सीमेवरच्या निर्वासित छावणीत मी लोकांना विचारायचे, 'का आलात?' तेव्हा तिथला सरकारी अधिकारी माझ्या शेजारीच बसलेला असायचा. त्याच्यासाठी चहासुद्धा मीच मागवायचे. जाळपोळीचं बोललं तर कटकट नको म्हणून परत धाडतील, अशी लोकांना धास्ती. कामाला आलो म्हटलं की तो खूश. आणि मी आपली भराभर लिहून घेतेय!"

"बरं आठवलं आज!" वकील हसून न्यायाधीशांकडे वळला. "यालाच विचारू या की, साहेब."

न्यायाधीश सुताराकडे वळले. "बोला, का आलात तुम्ही?" आवाज चांगला मऊ होता.

सुतार उठला. त्याचा दंड धरून गणवेशातला पहारेकरीही उठला. सुताराने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खाली.

"कामासाठी, साहेब."

वकिलाने पुस्तक मिटलं. मागे बायकोला हुंदका फुटला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्यात त्यांचा स्वतःवरचा रागही होता. परवानगी वगैरे न विचारता त्या साक्षीच्या पिंजऱ्यातूनच ओरडल्या,

"आधी त्या पहारेकऱ्याला बाहेर पाठवा, साहेब!"

न्यायाधीशांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी पहारेकऱ्याला हाताने बाहेर जायची खूण केली. तो कुरकुरत गेला. दार लागलं.

न्यायाधीश काही विचारणार, त्याच्या आतच सुतार बोलायला लागला.